गिरजाबाईंचं पातेलं

आमच्या स्वयंपाकघरात सध्या जर्मनचं एक पातेलं आहे. त्याच्यावर नाव घातलेलं आहे, पण ते आमच्या घरातल्या कुणाचंही नाही. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती दिसेल ते वाचते. दुधाची पिशवी वाचते, औषधाच्या बाटलीवरचं बारीक टाइप वाचते आणि सकाळी चहा ठेवताना पातेल्यावरचं नावही मोठ्यानं वाचते. "गिरजाबाई कचरू हिवराळे." मग विचारते, "या बाईंचं भांडं परत नाही का रे करायचं?" मी म्हणतो, "करू." गेले चार महिने हे रोज चाललं आहे.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. आमच्याकडे त्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, आणि हे नाव का पडलं ते कुणाला ठाऊक नसतं. हिवराळे सरांनाही ठाऊक नव्हतं. पण आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही हे ते चारचौघांत सांगत. आमच्या शाळेत असं करणारे ते एकटेच मास्तर होते.

हिवराळे सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी त्याच शाळेत हेडक्लार्क होतो. आमच्या घरात सात पिढ्या भिक्षुकी झाली, आठवीनं सरकारी टंकलेखनाची परीक्षा दिली. सर सिल्लोडकडच्या एका खेड्यातले. अंगानं किडकिडीत, कानावर खडूचा तुकडा अडकवलेला. तो तुकडा विसरून ते तसेच बाजारात जात, आणि भाजीवाली म्हणे, "मास्तर, कानात काय उगवलंय?" सर खडू काढून तिच्या तराजूवर ठेवत आणि म्हणत, "घे, याचं वजन करून बघ. तुझ्या काट्याची परीक्षा होईल." या कारणानं गारखेड्यातल्या बऱ्याच भाजीवाल्या त्यांना पाहिलं की दुसरीकडे बघत.

त्यांचा एक शब्द ठरलेला असे, "पुरावा?" मुख्याध्यापकांनी शाळेचा निकाल सुधारल्याचं भाषणात सांगितलं की मागच्या खुर्चीतून हळूच आवाज येई, "पुरावा?" त्यामुळे त्यांना कधी पर्यवेक्षक केलं नाही. केलं असतं तर शाळेत प्रत्येक गोष्टीचा पुरावा द्यावा लागला असता, आणि तेवढा आमच्याकडे नव्हता.

सरांचा डबा जर्मनचा. चेपलेला, कडी वाकडी झालेला, आतून काळपट. आमच्या बोअरच्या पाण्यानं ही भांडी आतून काळी पडतात. एकदा शिपाईमामानं कौतुकानं तो डबा राखेनं घासून लख्ख केला, तर सरांनी डोक्यावर हात मारून घेतला. "मामा, आतून घासायचं नसतं हो! तो थर म्हंजी त्याचं कातडं हाय. हा धातू कापला की लगेच हवेत सोताला कातडं आणतो. तुम्ही त्याची चामडी सोलून काढली." मामा म्हणाले, "सर, मी तर नुसता डबा घासला." सर म्हणाले, "व्हय. सगळे असंच म्हणतेत."

त्याच डब्यावरून एक प्रकार झाला. स्टाफरूममध्ये डबे एकत्र उघडायची पद्धत होती. एकमेकांची भाजी सगळे घेत, सरांच्या डब्यातली मात्र आमचे एक ज्येष्ठ सहकारी घेत नसत. त्यांनी कारणही दिलं होतं. "ॲल्युमिनियम आहे ना, म्हणून. तब्येतीला बरं नसतं." आता हे गृहस्थ शाळेसमोरच्या टपरीवर दिवसाला पाच चहा पीत, आणि टपरीवरचं पातेलं चांदीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर स्टीलचा डबा घेऊन आले. त्या दिवशी त्या गृहस्थांना पित्त झालं होतं. तिसऱ्या दिवशी सरांनी कल्हई केलेला पितळी डबा आणला. त्या दिवशी गृहस्थांचा उपास निघाला. चौथ्या दिवशी सरांनी केळीच्या पानात बांधून भाकरी आणि मेथीची भाजी आणली. गृहस्थ म्हणाले, मेथी उष्ण पडते. पाचव्या दिवशी सर पुन्हा आपला जर्मनचा डबा घेऊन आले, तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि वर्गात निष्कर्ष सांगतात त्या आवाजात म्हणाले, "प्रयोग संपला. धातू निर्दोष हाय."

स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही. मी त्या वेळी खाली मान घालून हजेरीचं रजिस्टर लिहीत होतो. अशा प्रसंगी माझ्यापुढे नेहमी एखादं रजिस्टर असतं.

वर्षातून एकदा दहावीच्या वर्गात ते ॲल्युमिनियम शिकवत. त्या दिवशी शेजारचे वर्गही खिडकीशी येऊन उभे राहत आणि मीही काही कागद सही करून घ्यायच्या निमित्तानं जाई. जाडजूड काचेच्या बाटलीत ते कॉस्टिक सोड्याचं पाणी घेत, त्यात जुन्या डब्याची कात्रणं टाकत आणि तोंडाला फुगा लावत. पाणी आपोआप तापे, फसफसे, फुगा फुगे. मग तो गाठ मारून सोडला की छताला जाऊन चिकटे. पोरं टाळ्या वाजवत. सर म्हणत, "ॲसिडला भ्यायचं, तसं या सोड्याला बी भ्यायचं. हा जर्मनला खातो. आख्खं भांडं गिळून वर ढेकर देतो, तो ढेकर म्हंजी फुग्यातला हायड्रोजन." त्या कॉस्टिक सोड्याचं मागणीपत्र दर वर्षी मीच टाइप करत असे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे. मी लक्षात ठेवली नाही.

मग ते इतिहास सांगत. पुस्तकात दोन ओळी असत, सर दोन तास घेत. "एके काळी हा धातू सोन्याहून महाग व्हता. मातीत लई हाय, पायाखाली सगळीकडं हाय, पण मातीतून सुटत नव्हता. फ्रान्सच्या एका बादशहाकडं पंगत बसली की खास पाहुण्यांना याचे चमचे आन् बाकीच्यांना सोन्याचे. असं सांगतेत. मी तिथं वाढायला नव्हतो." मग दोन पोरांची गोष्ट. एक अमेरिकेत, घरामागच्या लाकडी खोलीत खटपट करणारा, दुसरा फ्रान्समधला. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकमेकांचं नावही न ऐकलेले. दोघांनी एकाच वर्षी वीज वापरून हा धातू मातीतून सोडवला आणि दोघं एकाच वर्षी गेले. "तवापासून भाव असा कोसळला की बादशहाचा चमचा थेट चुलीवर आला. मद्रासकडं तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांनी याची भांडी ठोकायला घेतली. लोकांनी नाकं मुरडली. हलकं हाय, चेपतंय, पितळेवानी वाजत नाय. म्हंजी वाजत नाय हा बी गुन्हा!"

शेवटी ते माझ्याकडे बघून म्हणत, "आन् कुलकर्णी, तुमच्या पोथ्या लिवल्या तवा हा धातू कुणी पाह्यलाच नव्हता. त्यामुळं तांब्याचे नियम हायेत, पितळेचे हायेत, याचा एक बी नाय. हा एकटा धातू जातीबाहेर जन्मला." पोरं हसत, मी सही घेऊन परत येई. घरी आमच्या आजीचा कायदा वेगळा होता. तांबं देवाला, पितळ स्वयंपाकाला आणि जर्मन उंबऱ्याबाहेर. पोथीत नियम नसला तर तो करायला आमच्या घरात माणसं होती.

आम्ही दोघं मागेपुढे निवृत्त झालो आणि योगायोगानं गारखेड्यात एकाच सोसायटीत राहायला आलो. सरांची बायको आधीच गेली होती, मुलगी पुण्यात नोकरीला. एकटे राहत, स्वतः स्वयंपाक करत. त्यांच्या ओट्यावर मी ते मोठं पातेलं पहिल्यांदा पाहिलं. वीस-पंचवीस माणसांचा भात शिजेल एवढं, काठाला जाड, बुडाला झिजलेलं. एकट्या माणसाला एवढं कशाला, असं मी विचारलं.

"आईचं हाय," ते म्हणाले आणि पातेलं फिरवून त्यांनी नाव दाखवलं. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं, पोटावर.

त्यांच्या आईनं ते धम्मदीक्षेच्या वर्षी घेतलं. घरातले जुने देव नदीला पोचवले होते, त्या कोनाड्यात काहीतरी ठेवायला हवं होतं. तोवर घरात शिजायचं ते मातीच्या गाडग्यात. आई कापूस वेचून आलेली मजुरी घेऊन सिल्लोडच्या बाजारात गेली, हे पातेलं निवडलं आणि दुकानदाराला म्हणाली, याच्यावर नाव घाल. दुकानदार हसला. जर्मनवर कुणी नाव घालत असतं का? नाव तांब्या-पितळेवर घालतेत, पिढ्यान् पिढ्या टिकणाऱ्या भांड्यावर. आई दुकानाच्या पायरीवर बसली. दुपार झाली तरी उठेना. गिऱ्हाइकं तिला ओलांडून जायला लागली तेव्हा त्यानं छिन्नी घेतली आणि विचारलं, नवऱ्याचं नाव सांग. ती म्हणाली, "माझं घाल. मंग त्याचं घाल."

"तिला वाचता येत नव्हतं," सर म्हणाले. "पण बोट फिरवून कळायचं. गिरजाबाई कुठं सुरू व्हती आन् कुठं संपती. मी बी पहिलं अक्षर याच्यावरच गिरवलं. आन् एक सांगतो कुलकर्णी, तिचं नाव जगात दुसऱ्या कुठल्या वस्तूवर लिवलेलं नाय. जमीन नव्हती, घर नव्हतं. फोटो सुदिक नाय." एवढं बोलून त्यांनी पातेलं परत फिरवून ठेवलं.

पुढे आमच्या सोसायटीला आरोग्याचा झटका आला. चेअरमनसाहेबांच्या मोबाइलवर संदेश आला की ॲल्युमिनियमनं माणूस सगळं विसरतो. चेअरमनसाहेबांना मेंटेनन्सची मीटिंग आठवत नसे, त्यामुळे त्यांना तो लगेच पटला. "ॲल्युमिनियममुक्त सोसायटी" असा फलक लागला, गेटवर भंगाराचं पोतं ठेवलं आणि कुकरपासून चहाच्या पातेल्यापर्यंत सगळं त्यात गेलं. बदल्यात घरोघरी सात थरांची, जड बुडाची, हात मोडेल अशी भांडी आली. ती विकायला चेअरमनसाहेबांची सूनच आली होती, हाही योगायोग. ग्रुपवर सरांनी एकच शब्द लिहिला. "पुरावा?" उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र आलं. मग सरांनी लिहिलं, "यात आंबट शिजवून ठेवू नका. ताक, लोणचं नको. भाताला, चहाला भिण्यासारखं मला अजून दिसलं नाही. पक्का पुरावा आला तर माझं पातेलं मीच पोत्यात टाकीन." हे फार समतोल होतं, म्हणून कुणी वाचलं नाही.

गणपती आले. महाप्रसादाच्या दिवशी आचारी आला, पण त्याची भांडी घेऊन येणारा टेम्पो चितेगावजवळ बंद पडला. मसालेभात करायला अख्ख्या विषमुक्त सोसायटीत एक पातेलं नव्हतं. सात थर होते, पण त्यात सात माणसांचासुद्धा भात झाला नसता. सेक्रेटरी मी. शेवटी मलाच सरांचं दार वाजवावं लागलं.

सरांनी काही टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं. पातेलं माझ्या हातात देऊन म्हणाले, "करपलं तर चिंचेचं पाणी उकळा. दुसरं काय करू नका. आन् आतून घासू नका." सोसायटीनं दोन-तीन खेपांत शिजलेला मसालेभात बोटं चाटत खाल्ला. चेअरमनसाहेबांनी तीनदा घेतला, आणि तरी त्यांना दुसऱ्या दिवशी सगळं आठवत होतं.

बुडाला भात करपला होता. उसनं आणलेलं भांडं चकचकीत करून परत द्यावं आणि रिकामं देऊ नये, ही आमच्या घरची शिकवण. घरात चिंच नव्हती. मोरी तुंबली की टाकायची पांढरी पावडर होती. मी पातेलं गच्चीवर नेलं, दोन मुठी पावडर टाकली, वरून कढत पाणी ओतलं आणि खाली येऊन दुपारचा चहा घेतला. तीस वर्षं मी कॉस्टिक सोड्याची मागणीपत्रं टाइप केली होती. त्या पुड्यावर काय लिहिलं आहे ते मी वाचलं नाही. वाचायचं कशाला, मी तर टाइप करणारा माणूस.

वर गेलो तेव्हा पातेलं उकळत होतं. खाली जाळ नव्हता. काळा फेस उतू जाऊन पोटावरून ओघळत होता आणि बुडातून धार लागली होती. मी पाणी ओतत सुटलो. शांत झाल्यावर पातेलं उजेडाकडे धरलं तर बुडातून आकाश दिसलं. पोटावरचं नाव जिथं फेस ओघळला तिथून धुऊन गेलं होतं. मला रडू आलं. बायको म्हणाली, आचाऱ्यावर ढकला. मी जिना उतरताना तेच ठरवलं होतं.

सरांनी दार उघडलं. पातेलं बघितलं, माझे हात बघितले. पहिला प्रश्न विचारला, "डोळ्यात उडालं नाय ना?"

मला आचाऱ्याचं नाव घेता आलं नाही. म्हणालो, "सर, मी केलं. मोरीची पावडर."

"झाकण ठेवलं नव्हतं ना? हायड्रोजन असतो." मग त्यांनी माझे हात नळाखाली धरले आणि बराच वेळ पाणी सोडलं. हात पुसायला टॉवेल दिला. त्यानंतर पातेलं घेऊन खिडकीशी गेले आणि पोटावरून बोट फिरवायला लागले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पुन्हा सुरुवातीपासून. माझ्याकडे पाठ होती. थोड्या वेळानं म्हणाले, "रसायनशास्त्र बरोबर हाय, कुलकर्णी. त्यात धातूची चूक नाय." एवढंच. ते ओरडले असते तर मी माफी मागून मोकळा झालो असतो.

रविवारी ते सोसायटीच्या मुलांना गच्चीवर प्रयोग दाखवत. त्या रविवारी त्यांनी ते पातेलं आणलं आणि कॉस्टिकनं काय होतं ते समजावलं. एका मुलीनं विचारलं, "कुणी केलं सर हे?" मी मागेच उभा होतो. सर म्हणाले, "एका शिकलेल्या माणसानं." मुली-मुलं हसली. या वेळी माझ्यापुढे रजिस्टर नव्हतं. मी म्हणालो, "मी केलं." सरांनी कानावरचा खडू काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बघा, हा पुरावा."

दुसऱ्या दिवशी मी गुलमंडीला गेलो. त्या मापाचं पातेलं मिळालं नाही, मिळालं ते चहा-दुधाच्या मापाचं. दुकानदाराला म्हटलं, यावर नाव घाला. तो म्हणाला, "साहब, जर्मनवर कोण नाव घालतंय? स्टील घ्या ना, मशीननं झकास घालून देतो." मी म्हटलं, यावरच. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी पायरीवर बसलो. उन्हात गुडघे दुखायला लागले. सव्वा तासानं त्यानं मशीन लावलं आणि विचारलं, "मिसेसचं नाव का?" मी कागद पुढे केला.

त्यात साखर भरून मी ते सरांना नेऊन दिलं. त्यांनी नाव वाचलं. "गिरजाबाई कचरू हिवराळे. बरोबर हाय," म्हणाले. "बघू." साखर डब्यात ओतून घेतली आणि पातेलं फडताळात ठेवलं. नंतर कित्येकदा त्यांच्याकडे गेलो, चहा स्टीलच्याच भांड्यात व्हायचा.

मग त्यांचा गुडघा गेला आणि मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. सामान थोडंच होतं, पुस्तकं जास्त. सकाळी टेम्पो लागला. सर ड्रायव्हरशेजारी बसले आणि मला खिडकीशी बोलावून एक भांडं हातात दिलं. वर ताटली झाकलेली. ते माझं नवं पातेलं होतं, एकदाही चुलीवर न चढलेलं.

"सर, हे तुम्हाला दिलं होतं."

"घ्या. आत्ता उघडू नका, टेम्पो निघू द्या."

टेम्पो निघाला आणि गेटशी थांबला, कारण वॉचमनला आमच्या सोसायटीचं गेट उघडायला नेहमीच वेळ लागतो. मी ताटली उचलली. आत चिंचेचा गोळा होता, बिया काढलेला, आणि वहीच्या कागदावर सरांचं फळ्यावरचं अक्षर होतं. "भांडं गिरजाबाईंचं आहे. उसनं दिलंय, वापरा. आतून घासू नका."

मी मान वर केली. सरांच्या मांडीवर ते जुनं, बूड गेलेलं पातेलं होतं. सामानात टाकायला त्यांनी मुलीला दिलं नव्हतं. गेट उघडेपर्यंत ते पातेलं खिडकीकडे धरून, उन्हात थोडं थोडं तिरकं करून पोटावर बघत होते. एका कोनात त्यांचा हात थांबला आणि ओठ हलले. मग टेम्पो वळला.